वही कुणाची?

[दृश्य : एटापल्लीकडून आत जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना सागवान, बांबू, मोह. मोटारसायकलवरून दोघं जण एका गावात शिरतात.]

गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या गावात अनोळखी माणूस आला, की त्याला बसायला खाट मिळते, पाणी मिळतं आणि मग प्रश्न येतो : "कोठून आले जी? कोनं धाडलं तुमाले?"

चाळीसहून जास्त वर्षं हा प्रश्न इथं जिवावरचा आहे. पोलिसांशी बोलला म्हणून 'खबऱ्या' ठरवून माओवाद्यांनी गावातली माणसं मारली. दलमला, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, भात रांधून घातला म्हणून पोलिसांनी गावातली माणसं उचलून नेली. भात न घालण्याची सोय नव्हती, हे दोन्हीकडच्यांना माहीत होतं. त्यामुळे समोर बसलेला माणूस कुणाचा, हे कळल्याशिवाय इथं कुणी तोंड उघडत नाही.

या गावांत तिसऱ्या प्रकारचा पाहुणाही येतो. त्याच्याकडे बंदूक नसते, वही असते. तो म्हणतो, मी विद्यापीठातून आलो, अभ्यास करतो. आजचं निवेदन त्या वहीबद्दल आहे. वहीतला कागद कुणाच्या पैशानं विकत घेतला, त्यावर कोणते प्रश्न लिहायचे हे कुणी ठरवलं आणि लिहून झाल्यावर ती कुणाच्या कपाटात गेली?

[दृश्य : जिल्ह्याचा नकाशा. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, धानोरा, कुरखेडा.]

इतिहास थोडक्यात. १९८० च्या सुमारास गोदावरी आणि प्राणहितेपलीकडून पहिली दलमं सिरोंचा भागात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेद्दी शंकर हा नक्षलवादी सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीनं मेला. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९९० मध्ये पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक उभं राहिलं. त्यातले जवान याच मातीतले, माडिया आणि गोंडी बोलणारे. २००९ मध्ये मरकेगाव आणि लाहेरी, या दोन ठिकाणी मिळून ३२ पोलीस गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया भागात ४० माओवादी मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली.

आता रस्ते खुले होत आहेत. आत्मसमर्पण केलेली शेकडो माणसं जिल्ह्यात आहेत, विधवा आहेत, दोन्हीकडचे अनाथ आहेत. त्यांच्या आठवणी हे दहशतवाद आणि सुरक्षा या विषयाच्या अभ्यासकांसाठी फार मोलाचं साहित्य आहे. अभ्यासक येणारच, आणि त्यांनी यावं. पण त्यांचं जे जाळं इथं उभं राहील, त्याच्या पैशाचे आणि कारभाराचे नियम त्यांच्या येण्याआधी ठरले पाहिजेत.

[दृश्य : तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान, वर्तमानपत्रांचा गठ्ठा.]

सुरुवात आकड्यांपासून करू. जगातले अभ्यासक ज्या माहितीसाठ्यांवर विसंबतात, त्यांत भामरागड कसं पोचतं?

जंगलात काही घडतं. जिल्हा मुख्यालयातून पोलिसांचं प्रसिद्धीपत्रक निघतं. तालुक्याचा वार्ताहर ते नागपूरला पाठवतो, आपल्याकडची एखादी ओळ जोडतो. नागपूरच्या अंकात बातमी येते. दिल्लीत इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट ही १९९७ मध्ये सुरू झालेली संस्था आहे. तिचं 'साउथ एशिया टेररिझम पोर्टल' बातम्यांतून नोंदी घेतं आणि मृतांचे सामान्य नागरिक, सुरक्षा दल, बंडखोर असे रकाने करतं. मेलेला माणूस कोणत्या रकान्यात जातो, हे बहुतेक वेळा पहिल्या प्रसिद्धीपत्रकात ठरलेलं असतं. गावाचं म्हणणं वेगळं असेल, तर ते त्या साखळीत शिरायला दार नसतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाची 'ग्लोबल टेररिझम डेटाबेस' हीसुद्धा बातम्यांवरच उभी आहे. तिची कथा पैशाच्या दृष्टीनं सांगण्यासारखी आहे. १९७० पासून पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीची शाखा जगभरच्या हल्ल्यांची कार्डं लिहून ठेवत होती. हेतू व्यापारी होता : परदेशात धंदा करणाऱ्या गिऱ्हाइकांना धोका किती, ते सांगणं. पुढे ती कार्डं मेरीलँडच्या प्राध्यापकांच्या हाती आली आणि त्यांनी ती संगणकावर चढवली. १९९३ सालची कार्डं मात्र कंपनीच्या कार्यालयाच्या हलवाहलवीत हरवली होती. आजही त्या साठ्यात १९९३ हे वर्ष नीट नाही.

२००५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यानं १.२ कोटी डॉलर देऊन याच विद्यापीठात 'स्टार्ट' हे अभ्यासकेंद्र उभं केलं. पुढची काही वर्षं परराष्ट्र खात्याच्या वार्षिक दहशतवाद अहवालाचे आकडे तिथूनच जात. २०१८ मध्ये खात्यानं ते कंत्राट दुसऱ्या संस्थेकडे वळवलं आणि जगभरचे विद्यार्थी जी नोंदवही गृहीत धरून प्रबंध लिहीत होते, तिच्या चालकांना पैशासाठी पुन्हा दारं ठोठवावी लागली. पाच दशकांची नोंद, आणि तिचा श्वास एका सरकारी कराराच्या मुदतीला बांधलेला.

याच नोंदवहीचा आणखी एक नियम गडचिरोलीकरांनी ध्यानात ठेवावा. तिच्या व्याख्येत दहशतवादी कृत्य म्हणजे सरकारबाहेरच्या गटानं केलेलं कृत्य. म्हणजे जांभुळखेडा त्यात बसतं. पोलिसांच्या हातून निरपराध माणूस मेला, तर त्याला तिथं जागा नाही. हा नियम दडवलेला नाही, उघडपणे लिहिलेला आहे, आणि ते योग्यच आहे. पण व्याख्या ठरवणारी खोली गडचिरोलीपासून किती दूर आहे, हे त्यावरून कळतं.

[दृश्य : समुद्र. आयर्लंडच्या किनाऱ्याचं जुनं छायाचित्र. विमानाच्या शेपटीवरचं चिन्ह.]

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान मॉन्ट्रिअलहून लंडनमार्गे दिल्लीकडे निघालेलं. आयर्लंडजवळ आकाशात स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. बहुतेक कॅनडाचे नागरिक, त्यांतले बरेच भारतीय वंशाचे. कॅनडाला हे आपलं दुःख आहे असं वाटायला फार वर्षं लागली. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला तो २०१० मध्ये, पंचवीस वर्षांनी. पोलीस आणि गुप्तचर खातं एकमेकांशी धड बोलत नव्हतं, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

२०११ मध्ये कॅनडा सरकारनं पाच वर्षांसाठी एक कोटी कॅनेडियन डॉलरचा संशोधन निधी जाहीर केला आणि त्याला नाव दिलं 'कनिष्क प्रकल्प'. २०१२ मध्ये विद्यापीठांचं एक जाळं उभं राहिलं. त्याचा विषय दहशतवाद, सुरक्षा आणि समाज. संक्षेपानं त्याला 'टीसॅस' म्हणतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डॅनियल हीबर्ट आणि वॉटर्लू विद्यापीठाचे लॉर्न डॉसन त्याच्या संस्थापकांपैकी.

या जाळ्याची रचना मला अभ्यासण्याजोगी वाटते. पैसा दोन झऱ्यांतून आला. एक झरा सुरक्षा खात्याचा, म्हणजे कनिष्क प्रकल्पाचा. दुसरा सामाजिक शास्त्र आणि मानव्यविद्या संशोधन परिषदेचा. तिथं अर्ज मंत्री तपासत नाही, त्या विषयातले दुसरे प्राध्यापक तपासतात. संचालक विद्यापीठाचे. सरकारी खाती भागीदार म्हणून टेबलाशी बसलेली, पण खुर्ची प्राध्यापकांकडे. छोटे निधी वाटले, तरुण विद्यार्थी तयार केले, कामाचे कागद सर्वांना वाचायला खुले ठेवले. उन्हाळी वर्गांत विद्यार्थी आणि अधिकारी एकत्र बसले. ज्या देशात पोलीस आणि गुप्तचर एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून विमान गेलं, तिथं हे महत्त्वाचं होतं.

तरी एक प्रश्न उरतो. कनिष्क निधीची मुदत पाच वर्षांची. तेवढ्यात सीरियातलं युद्ध पेटलं आणि पाश्चात्त्य देशांतून तिकडे लढायला जाणारे तरुण हा सगळ्यांचा विषय झाला. विषय खरा होता, तातडीचाही होता. पण निधीची मुदत आणि बातम्यांची घाई मिळून अभ्यासाची दिशा ठरवू लागली, तर संथ प्रश्न मागे पडतात. गडचिरोलीत सगळे महत्त्वाचे प्रश्न संथ आहेत. वनहक्काचा दावा वर्षानुवर्षं का अडतो? तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडून खंडणी वसूल झाली, तेव्हा मजुराच्या दरातून किती गेलं? आश्रमशाळा सोडलेली मुलगी सोळाव्या वर्षी दलममध्ये का गेली?

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. लष्करी इमारत. विद्यापीठाचं आवार.]

पैसा सरळ लष्कराचा असेल तेव्हा काय होतं, याचे धडे जुने आहेत. १९६४ मध्ये अमेरिकी लष्करानं 'प्रोजेक्ट कॅमेलॉट' आखला. खर्चाचा अंदाज लाखो डॉलर. प्रश्न असा : एखाद्या देशात बंड कशामुळे होतं आणि ते रोखायला सरकार काय करू शकतं? नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग तेव्हा चिलीत शिकवत होते. त्यांना निमंत्रण आलं, त्यांनी नकार दिला. पैशामागे लष्कर आहे हे चिलीत उघड झालं, संसदेपर्यंत गोष्ट गेली आणि जुलै १९६५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. त्यानंतर प्रामाणिक अभ्यासकांकडेही लोक संशयानं पाहू लागले.

१९७० मध्ये थायलंडच्या डोंगरी जमातींवरच्या अभ्यासाचे कागद बाहेर आले. गावं, माणसं, नाती यांची माहिती बंडखोरीविरोधी मोहिमेला पुरवली जात असल्याचा तो आरोप होता. मोठा वाद झाला. १९७१ मध्ये अमेरिकी मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनं नियम केला, की अभ्यासकाची पहिली जबाबदारी ज्यांचा अभ्यास तो करतो त्यांच्याप्रती आहे. पैसे देणारा त्यानंतर.

आणि हे आत्मसमर्पितांच्या मुलाखती घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं. २००१ पासून अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजनं उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. बोलणाऱ्यांना शब्द दिला होता, की तुम्ही जिवंत असेपर्यंत हे कुणाच्या हाती जाणार नाही. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकी न्यायालयामार्फत त्या फिती मागण्यात आल्या. २०१३ मध्ये त्यांतल्या काही द्याव्या लागल्या. शब्द देणाऱ्यांना तो पाळता येईल की नाही, हे आधी कुणी वकिलाकडून नीट तपासून घेतलं नव्हतं.

आपल्याकडे काय आहे? भारतीय साक्ष्य अधिनियमात पती-पत्नीतल्या बोलण्याला संरक्षण आहे, वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आहे. संशोधक आणि मुलाखत देणारा यांच्यातल्या बोलण्याला नाही. कुरखेड्याच्या एखाद्या घरात बसून 'तुमचं नाव कुठंच येणार नाही' असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला हे माहीत असतं का? त्याच्या मार्गदर्शकानं सांगायला हवं. खरं तर संस्थेनं लेखी सांगायला हवं.

[दृश्य : दिल्लीतल्या संस्थांच्या इमारती, मग गडचिरोलीतलं गोंडवाना विद्यापीठ.]

भारतात सुरक्षेच्या अभ्यासाला पैसा बहुतांशी सरकारातूनच येतो. दिल्लीतली संरक्षण अभ्यास संस्था १९६५ ची, आता तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. निधी संरक्षण मंत्रालयाचा आणि अध्यक्षपद संरक्षणमंत्र्यांकडे. पोलीस संशोधन आणि विकास ब्युरो १९७० चा, तो गृहमंत्रालयाखाली. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ ची, तिचा पैसा शिक्षण मंत्रालयातून. यात गैर काही नाही. देशाच्या सुरक्षेचा विचार देशाच्या पैशानं व्हावा. पण मंत्रालयाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेतल्या तरुण अभ्यासकाला मंत्रालयाच्या धोरणाविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापायचा असेल, तर त्याचं रक्षण करणारी एखादी ओळ त्या संस्थेच्या नियमावलीत हवी.

परदेशी पैशाचं काय? विदेशी योगदान नियमन कायदा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. जाळ्यासाठी याचा अर्थ फार थेट आहे. जाळं म्हणजे एक मध्यवर्ती संस्था आणि तिच्याकडून लहान लहान सदस्यांकडे जाणारा पैसा. तो रस्ताच बंद. त्यामुळे कॅनडासारखी रचना आपल्याकडे परदेशी निधीवर उभी राहणार नाही. ती देशातल्या पैशावर उभारावी लागेल, आणि म्हणून तिच्या स्वायत्ततेची काळजी जास्त घ्यावी लागेल.

गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, २०११ पासून. चंद्रपूर आणि गडचिरोली ही त्याची दोन जिल्ह्यांची हद्द. या विषयाचं जाळं उभं राहायचं असेल, तर त्याचं ठाणं इथंच असावं असं मला ठामपणे वाटतं. दिल्ली, मुंबईच्या प्राध्यापकांनी सदस्य म्हणून यावं. माडिया समजणारी, मोहाच्या हंगामात गाव रिकामं का होतं हे जाणणारी मुलं इथं शिकतात. आज त्यांना बाहेरच्या अभ्यासाच्या वेळी दुभाषे म्हणून नेलं जातं आणि अहवालाच्या शेवटी 'स्थानिक सहकार्य' एवढाच त्यांचा उल्लेख राहतो.

[दृश्य : मेंढा-लेखा गावातली ग्रामसभा. स्त्री-पुरुष गोलाकार बसलेले.]

कारभार कसा असावा याचा नमुना शोधायला या जिल्ह्याला परदेशी जावं लागत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा देशभर गेली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावानं हे गाव ओळखलं जातं, पण गावाची खरी ताकद त्याच्या पद्धतीत आहे. निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी, अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात बाहेरचा जाणकारही बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र गावाचा. अभ्यास आणि सत्ता यांच्यामधली ही रेषा मेंढ्याच्या लोकांनी जितकी स्पष्ट आखली, तितकी मोठ्या संस्थांच्या घटनांतही क्वचित दिसते.

दुसरा नमुना शोधग्राम या आरोग्यकेंद्राचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून या जिल्ह्यात आहेत. खेड्यातल्या बायांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. जगाला निष्कर्ष मिळाला, आणि गावाला आरोग्यदूत मिळाली, ती गावातच राहिली. शोधग्रामात आदिवासींची आरोग्य संसद भरते, लोक आपले प्रश्न तिथं मांडतात. हिंसेच्या अभ्यासाला अशी संसद का नसावी?

[दृश्य : विद्यापीठातली छोटी बैठक. टेबलावर मसुद्याचे कागद.]

औषधाची चाचणी घ्यायची तर २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत सामान्य माणसाचा आवाज असावा लागतो. बंदुकीच्या छायेत जगलेल्या बाईची मुलाखत घ्यायला असा कोणताही कायदा आडवा येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला सवलत आहे, एवढीच अट की त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवलेले निकष पाळले जावेत. कायद्यानं सोडलेली ही जागा जाळ्याच्या स्वतःच्या नियमांनी भरायची आहे.

म्हणून असं जाळं इथं उभारणाऱ्यांपुढे आम्ही काही मागण्या ठेवतो. नियामक मंडळात पोलीस असावेत. ज्यांनी इथं जवान गमावले त्यांना बाहेर ठेवून अभ्यास पुरा होणार नाही. पण ग्रामसभांनी पाठवलेले सदस्य त्यांच्याइतकेच असावेत, आणि अध्यक्ष दोन्हीकडचा नसावा. कोणत्याही एका खात्याचा पैसा निम्म्याहून जास्त नको. प्रत्येक निधीचं पत्र, त्यातल्या अटींसह, मराठीत सर्वांना वाचायला मिळावं. कच्च्या मुलाखती आणि नावांची यादी निधी देणाऱ्याला कधीही मिळणार नाही, हे करारातच असावं. खऱ्या नावांची यादी शक्य असेल तिथं बनवूच नये, कारण जी यादी नाही ती कुठलंही न्यायालय मागू शकत नाही. पैसे देणाऱ्याला अहवाल छापण्याआधी वाचायला मिळावा, चूक दाखवता यावी, पण थांबवता येऊ नये. आणि आत्मसमर्पण केलेल्या माणसाची मुलाखत पोलीस वसाहतीत, साहेबांच्या देखत होऊ नये. तिथं मिळालेली संमती आम्ही संमती मानत नाही.

राहिला गावाचा हिस्सा. अहवाल तयार झाला की ज्या गावात माहिती घेतली तिथं तो आधी वाचून दाखवायचा, माडियात किंवा गोंडीत, आणि गावानं 'हे असं नव्हतं' म्हटलं तर ते म्हणणं अहवालात छापायचं. यासाठी दुभाषा लागतो, गाडी लागते, दोन मुक्काम लागतात. हा खर्च 'इतर'मध्ये न टाकता अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर, पहिल्याच वर्षी धरायचा. आणि वाचनाची तारीख मे महिन्यात ठेवायची नाही. तेव्हा सगळं गाव तेंदूपत्त्यावर असतं.